सात नंबरची काठी

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, तिथे हा स्वभाव उपयोगी पडला. घरात फारसा नाही पडला. पण मी साठीच्या उंबरठ्यावर गोल्फ शिकले ते निव्वळ रागापायी, हे आधीच कबूल केलेलं बरं. आमच्या केशोरीत धान होतं, मिरची होते, कबड्डीचे सामने होतात. गोल्फ हा शब्द कुणाच्या तोंडी कधी नव्हता.

त्या मे महिन्यात मुलाचा साखरपुडा झाला. मुलगा नागपूरला नोकरीला, मुलगीही तिथलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी होणारे व्याही आम्हा सगळ्यांना त्यांच्या गोल्फच्या मैदानावर घेऊन गेले. हे निवृत्त इंजिनियर. माणूस सज्जन, बोलणं साखरेसारखं, पण साखर चघळता चघळता समोरच्याकडून आपलंच म्हणणं मान्य करून घ्यायची त्यांची हातोटी. हिरव्यागार गवतावरून चालता चालता त्यांनी सांगून टाकलं की लग्न नागपूरच्या लॉनवर लावायचं. पाहुण्यांची सोय, जेवणाचा ठेका, सगळं डोक्यात तयार होतं. लॉनचं तेवढं दसऱ्यानंतर पक्कं करणार होते. आमच्याकडून एक बस येऊ द्यावी, पन्नास माणसं पुष्कळ झाली, असं ते म्हणाले.

पन्नास. माझ्या डोळ्यांसमोरून अख्खं गाव सरकलं. ज्यांना मी बाराखडी शिकवली त्यांची पोरं मी शिकवली होती. माझ्या बांधीत, म्हणजे शेतात, धानाची रोवणी करणाऱ्या बायाच बावीस. या सगळ्यांनी एकुलत्या एका पोराच्या लग्नाची वाट पाहिलेली. आमच्याकडे मांडव घालायचा म्हणजे घराघरातून एक माणूस डहाळे आणायला निघतो, कुणाला सांगावं लागत नाही. त्यातून पन्नास कोणते निवडायचे? पण मुलाची आई असले तरी पहिल्याच भेटीत भांडण नको म्हणून मी गप्प बसले. गप्प बसले की माझं डोकं जास्त तापतं.

एवढ्यात एक तळं आलं. व्याह्यांनी चेंडू ठेवला, काठी फिरवली आणि चेंडू पाण्यावरून पलीकडे अलगद गेला. मी म्हटलं, द्या बरं इकडे. पदर खोचला आणि काठी फिरवली. पहिल्यांदा हवा कापली. दुसऱ्यांदा हवाच कापली आणि पडता पडता वाचले. तिसऱ्यांदा चेंडूच्या मागचा वीतभर गवताचा ढलपा उडाला, चेंडू जागचा हलला नाही. मैदानावरच्या माळ्यानं तो ढलपा उचलून पुन्हा जागेवर बसवला आणि पायानं दाबला. त्याचं ते दाबणं मला आजही आठवतं.

"राहू द्या, विहीणबाई," व्याही हसत म्हणाले, "हे तुमच्या हातचं काम नव्हे."

मी विचारलं, "आणि जमलं तर?"

"दसऱ्यापर्यंत हे तळं ओलांडून दाखवा. लग्न तुमच्या दारच्या मांडवात लावू."

ते गमतीत बोलले हे मलाही कळत होतं. पण तिथे त्यांच्या मंडळी होत्या, त्यांची मुलगी होती, माझा मुलगा होता, माझे मालक होते. चार साक्षीदारांसमोर निघालेला शब्द मी पदरात बांधून घेतला. त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन मी शिकायला काही पुस्तक आहे का, असं विचारलं. त्यांनी कपाटातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. कुण्या परदेशी व्यावसायिक खेळाडूनं लिहिलेलं, पानोपानी त्याचे फोटो. वाचा, करमणूक होईल, असं म्हणून त्यांनी वर एक जुनी सात नंबरची लोखंडी काठी आणि पाच चेंडू दिले. निघण्याआधी मी मुलाला घेऊन पुन्हा त्या मैदानावर गेले आणि तळ्याच्या बाजूनं सरळ चालून मोजलं. सरळ रेषेत नव्वद पावलं भरली.

बसमध्ये काठी साडीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. साकोली आली तेव्हा मालकांनी काठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "गमतीत बोलले ना ते." मी म्हटलं की मी गमतीत ऐकलेलं नाही.

त्या आठवड्यात पन्नास नावांची यादी करून पाहिली. रोवणीच्या बावीस बाया, भाऊबंद, शेजारी असं करत सत्तेचाळीसवर आले तेव्हा शाळेत खिचडी शिजवणाऱ्या दोघी बाहेरच राहिल्या होत्या. यादी फाडली आणि पुस्तक उघडलं.

इंग्रजी मला वाचता येतं, पण बैलगाडीच्या चालीनं. शब्दकोश उजव्या हाताला, पेन्सिल डाव्या हाताला, आणि रोज दोन पानं. पहिला धडा काठी धरण्याचा, दुसरा उभं राहण्याचा. गुडघे किंचित सैल, वाकायचं ते कंबरेतून नाही तर खालच्या खुब्यातून, पाठ सरळ. हे मला आरशासमोर पहिल्याच दिवशी जमलं आणि मी चकित झाले. मग लक्षात आलं, लहानपणापासून धान रोवलेल्या बाईला खुब्यातून वाकायला शिकवणारा हा कोण? तो धडा मी दोन दिवसांत संपवला आणि समासात लिहिलं, हे येतं.

तिथून पुढे गाडं अडलं. आमच्या शेताला लागून आमचीच एक बोडी आहे, म्हणजे पाणी साठवायचं लहान तळं. उन्हाळ्यात तिचं पाणी पार मध्यावर जातं, पण पाळीपासून पाळीपर्यंत, म्हणजे मातीच्या बांधापासून बांधापर्यंत, सत्तर पावलं. मी वीस पावलं मागे जागा ठरवली. नागपूरच्या मैदानावर गवत फाडल्याची लाज मनात होतीच. म्हणून जागा खुरप्यानं साफ केली, पाणी मारून चोपली आणि खळ्यासारखी शेणानं सारवून घेतली. अशी जागा नागपुरातही नसेल, असं मला वाटलं.

तीन आठवडे त्या सारवलेल्या जागेवर मी काठी फिरवली. चेंडू उडेल तर शपथ. काठी चेंडूच्या डोक्याला चाटून जायची आणि चेंडू घरंगळत बोडीच्या पाळीला लागायचा. सकाळी जनावरं घेऊन जाणारे थांबून पाहायचे. बाई रिटायर झाल्या अन् डोस्कं सरकलं, असं गावात बोललं जाऊ लागलं. माझाच एक जुना विद्यार्थी, आता दोन लेकरांचा बाप, त्यानं मला विचारलं की म्याडम, विटी कुठं हाये. मी त्याला सतराचा पाढा विचारला. तो निघून गेला.

मग चौथ्या धड्यावर आले. त्यात त्या खेळाडूनं ठासून लिहिलं होतं की काठी खाली जाऊ द्या, आधी चेंडूला लागू द्या आणि पुढे जमिनीचा ढलपा काढू द्या. जमिनीला भिणाऱ्याचा चेंडू कधी उडत नाही. मी ते तीनदा वाचलं. मग बाहेर जाऊन त्या सारवलेल्या जागेकडे पाहिलं आणि मला स्वतःचा एवढा संताप आला की काय सांगू. सारवलेल्या जमिनीला ओरखडा काढायचा नाही, हे आईनं वयाच्या सातव्या वर्षी हातात भिनवलेलं. मी कितीही खाली मारायचं ठरवलं तरी माझे हात आपणहून काठी वर उचलत होते. नागपुरात मी बाकी सगळं चुकले होते, पण जमीन फाडली तेवढं बरोबर केलं होतं. फक्त ती चेंडूच्या मागे फाडली होती, पुढे फाडायची होती.

त्याच दिवशी मी कुदळ घेतली आणि ती जागा उखणून टाकली. शेजारच्या, जनावरांनी चरून बारीक केलेल्या गवतावर चेंडू ठेवला आणि जमीन फाडली. चेंडू उडाला. चाळीसेक पावलं गेला आणि बोडीच्या चिखलात रुतला. मी तिथेच खाली बसून हसले. सारवण विसरायला मला वयाचं एकोणसाठावं वर्ष उजाडावं लागलं.

चाळीस म्हणजे नव्वद नव्हे. जून असाच गेला. मी जितका जोर लावत होते तितका चेंडू वाकडा जात होता. पाचही चेंडू बोडीत गेले. होणाऱ्या सूनबाईनं कुठून तरी दोन डझन जुने चेंडू मिळवून मुलाबरोबर पाठवले, वडिलांना न सांगता. त्या पोरीवर माझा जीव जडला तो तेव्हापासून. पुस्तकातला सहावा धडा वजनाचा होता. वजन आधी उजव्या पायावर, मग डाव्या, मग कंबर, मग खांदे, हात सर्वांत शेवटी, आणि जोर अजिबात नाही. वाचायला सोपं होतं. करायला गेलं की माझे हातच सर्वांच्या आधी धावायचे. समासात मी लिहिलं, हे येत नाही. दोनदा अधोरेखित केलं.

जुलैमध्ये रोवणी लागली. काठी भिंतीला उभी राहिली, कारण रोवणीत कुणाला फुरसत नसते. एका सकाळी मी चहा घेऊन बांधीवर गेले. बाया ओळीनं वाकून रोवत होत्या आणि मालक शेताच्या कडेच्या धुऱ्यालगत चिखलात उभे राहून पऱ्ह्यांच्या पेंड्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या जुड्या, फेकत होते. हे मी छत्तीस वर्षं पाहत आले आहे. जिच्या हातातले परे संपतात ती मान वर न करता हात मागे करते आणि पेंडी येऊन तिच्या हाताशी पडते. मागे नाही, पुढे नाही, अंगावर चिखल उडवत नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचे पाय पाहिले. वजन उजव्या पायावर. पेंडी उजव्या गुडघ्याच्या मागे झुललेली. मग डावा पाय रुतला, कंबर वळली, खांदे मागोमाग गेले आणि हात सर्वांत शेवटी, जणू त्यांना घाई नव्हती. माझ्या हातातली चहाची किटली तिरपी होऊन चहा सांडायला लागला. सहावा धडा माझ्यासमोर चिखलात उभा होता, आणि तो माझ्या कुंकवाचा धनी होता.

मी म्हटलं, पुन्हा फेका. त्यांनी फेकली. पुन्हा फेका. पाच-सहा झाल्यावर रोवणाऱ्यांची म्होरकी, जी माझ्या लग्नापासून आमच्या बांधीत येते, ती कंबर सरळ करून म्हणाली, "बाई, परे सारे इथंच फेकले तं रोवाचं काय?" बाया हसल्या. मी मालकांना विचारलं की एवढ्या लांब जाते, जोर कुठून लावता?

ते म्हणाले, "जोर कोन लावते? जोर लावला का पेंडी हवेतच सुटते. जिले पाह्यजे तिच्या हाताकडं पाहाचं अन् सोडाचं. पानी पाहाचं नाई."

मी साडी वर खोचली आणि चिखलात उतरले. माझी पहिली पेंडी म्होरकीच्या पाठीवर बसली, दुसरी धुऱ्यावर. तिनं मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण दुपारपर्यंत पेंड्या हाताशी पडायला लागल्या. पाय आधी, हात नंतर. चार दिवस मी मालकांना धुऱ्यावर बसवून ठेवलं आणि सगळे परे मीच फेकले. संध्याकाळी घरी येऊन सहाव्या धड्याच्या समासात 'येत नाही' खोडलं आणि एकच शब्द लिहिला, पेंडी.

रोवणी संपली, काठी पुन्हा हातात आली. आता बोडी काठोकाठ भरली होती. चेंडू पन्नास पावलं गेला, मग साठ. पोळा झाल्यावर एका सकाळी काठीतून असा काही नाजूक आवाज आला की हाताला काही लागल्यासारखं वाटलंच नाही. चेंडू पाण्यावरून गेला, पलीकडच्या पाळीवरून गेला आणि धानात शिरला. पाहायला कुणी नव्हतं. एका म्हशीनं मान वळवली, पण ती माझ्यासाठी नसावी. घरी आले, मालकांना सांगितलं आणि त्यांच्यासाठी गोड शिरा केला.

दसऱ्याच्या दिवशी आम्ही नागपूरला सोनं द्यायला गेलो. काठी बरोबर होती. व्याह्यांना आधी आठवेचना, आणि आठवलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा बदलला. त्यांच्या मुलीनं आठवण करून दिली की बाबा, शब्द तुमचा आहे. आम्ही सगळे त्याच तळ्यावर गेलो. तीन चेंडू द्यायचे ठरले, मे महिन्यात तीनच झाले होते म्हणून.

पहिला चेंडू पाण्यात गेला. बुडुक असा आवाज झाला. दुसरा चांगला उडाला, पलीकडच्या काठाच्या दगडाला लागला आणि उलटा पाण्यात आला. पाच महिने, दोन डझन चेंडू, गावभर झालेलं हसं, सगळं एकीकडे. डोळ्यांसमोर फाडलेली यादी आली. सत्तेचाळीस नावं. मला फक्त पाणी दिसत होतं. एवढं पाणी आमच्या बोडीत कधी नव्हतं, असं वाटायला लागलं.

मी मागे वळून पाहिलं तर मालक जागेवर नव्हते. ते तळ्याच्या काठानं चालत निघाले होते, धोतराचा सोगा हातात धरून. सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले. पलीकडच्या काठावर पोचून ते माझ्या समोर, थोडे बाजूला, उभे राहिले. मग खुब्यातून वाकले, अगदी रोवणाऱ्या बाईसारखे, मान खाली घातली आणि एक हात रिकामा मागे केला. व्याह्यांनी विचारलं की यांना बरं वाटत नाही का. मला पाणी दिसायचं बंद झालं होतं. मला परे संपलेला एक हात दिसत होता.

मी पेंडी फेकली. पाय, कंबर, खांदे, हात. तो नाजूक आवाज आला. चेंडू वर गेला, उन्हात एकदा हरवला आणि मालकांच्या चार पावलं पलीकडे गवतात पडला. माझ्या पुढ्यातून वीतभर ढलपा निघाला होता, बरोबर जिथून निघायला हवा तिथून. मालकांनी चेंडू उचलला, कपाळाला लावला आणि खिशात घातला. मी एरवी रडत नाही. त्या दिवशी रडले आणि लाज वाटली नाही.

व्याह्यांचं एक सांगायला हवं. माणूस शब्दाला जागला. तिथल्या तिथे हात जोडून म्हणाले, मांडव कधी घालायचा ते सांगा. मी म्हटलं, आधी हा ढलपा मला लावू द्या. आणि तो मी स्वतःच्या हातानं बसवून पायानं दाबला.

माघात लग्न झालं. डहाळे आणायला निघालेली माणसं मोजायचं मी कटाक्षानं टाळलं. खिचडी शिजवणाऱ्या दोघी पहिल्या पंगतीला होत्या आणि रोवणीच्या बावीस बाया नवरीभोवती फेर धरून पहाटेपर्यंत गात होत्या. आदल्या आठवड्यात व्याह्यांनी फोन करून विचारलं होतं की आमची किती माणसं आणू. पन्नास पुष्कळ झाली, हे वाक्य जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि सांगितलं की जेवढी येतील तेवढी आणा. चार बस आल्या. काठी आणि पुस्तक त्यांच्या परतीच्या गाडीत ठेवून दिलं, परत करायचं म्हणून.

जुलैमध्ये, रोवणी ऐन भरात असताना, आमच्या धुऱ्याशी एक मोटार येऊन थांबली. व्याही उतरले. हातात तेच पुस्तक, सहाव्या धड्यावर बोट घातलेलं. वर्षभर त्यांचा चेंडू उजवीकडे पळतो आहे, कुणाला कारण सापडत नाही, असं त्यांनी दबक्या आवाजात सांगितलं. मग समासातल्या माझ्या अक्षरावर बोट ठेवून विचारलं, "विहीणबाई, हे पेंडी म्हणजे काय?"

मी त्यांना बूट काढायला लावले. प्यांट गुडघ्यापर्यंत दुमडून ते चिखलात उतरले. मालकांनी त्यांच्या हातात पऱ्ह्यांची पेंडी दिली. म्होरकीनं मान वर न करता हात मागे केला. व्याह्यांनी अंगातला होता नव्हता तो सगळा जोर लावला. पेंडी हवेतच सुटली आणि बावीस बायांच्या डोक्यांवर धानाची रोपं पडली.

चौदा महिने मी ते वाक्य जपून ठेवलं होतं. त्यांच्याच आवाजात, तितकंच गोड हसून म्हटलं, "राहू द्या, व्याहीबुवा. हे तुमच्या हातचं काम नव्हे."

आणि त्यांच्या हातात दुसरी पेंडी दिली.